‘हो’ म्हणजे नेमकं काय?

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी जर्मनीतल्या एका सहकाऱ्याने माझ्या कोडवर शेरा लिहिला, ‘हे चूक आहे. पुन्हा लिही.’ मागे-पुढे एक गोड शब्द नाही. त्या रात्री झोप लागली नाही. माझं नाव वाचून तर असं लिहिलं नसेल? आठवडाभराने पाहतो तर त्याने स्वतःच्या मॅनेजरच्या कोडखालीही हेच लिहिलेलं, आणि मॅनेजरने ‘थँक्स’ म्हणून दुरुस्ती केलेली.

घोटाळा दुसऱ्या बाजूनेही होता. ‘बुधवारपर्यंत होईल?’ असं त्याने विचारलं की मी ‘हो’ म्हणायचो. त्या ‘हो’चा अर्थ एवढाच, की ऐकलं, प्रयत्न करतो. आमच्या सोलापूरच्या घरात मोठ्यांना तोंडावर ‘नाही’ म्हणत नाहीत. ‘बघतो, इन्शाअल्लाह’ म्हटलं की समजणारे समजतात. त्याने मात्र माझं ‘हो’ धरून रिलीजची तारीख कळवून टाकली. बुधवारी काम अर्धवट, आणि शब्द न पाळणारा ठरलो मी.

अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ एडवर्ड हॉल यांनी १९७६ च्या ‘बियॉन्ड कल्चर’ या पुस्तकात हा फरक मांडला आहे. काही समाजांत अर्थ थेट शब्दांत असतो, काहींत तो नात्यातून आणि प्रसंगातून ओळखावा लागतो. (देशावरून माणूस ओळखायला मात्र जाऊ नका. माझा सर्वांत आडवळणी सहकारीही जर्मनच आहे.)

पण सगळंच ‘त्यांची पद्धत’ म्हणून गिळायचं नसतं. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांच्या शिवराळ ईमेल वर्षानुवर्षं स्पष्टवक्तेपणा म्हणून खपल्या. सप्टेंबर २०१८ मध्ये त्यांनी स्वतःच माफी मागितली, काही काळ कामातून बाजूला झाले. त्याच वेळी प्रकल्पाने नवी आचारसंहिता स्वीकारली. म्हणून मी दोन गोष्टी पाहतो. शेरा कामावर आहे की माणसावर? आणि हा माणूस सगळ्यांशीच असं बोलतो, की फक्त माझ्याशी?

पुण्यातल्या ऑफिसात प्रश्न वेगळे. ‘तुझं मराठी किती छान आहे!’ हेतू बहुधा कौतुकाचाच असतो, तरी टोचतं. पूर्वी हसून सोडायचो. आता सांगतो, ‘शाळा मराठीच होती. घरी दखनी, गल्लीत मराठी.’ एकदा यावरून दखनीतला जोर देणारा ‘च’ मराठीतून कसा आला इथपर्यंत गप्पा गेल्या, चहा गार झाला.

शुक्रवारी दुपारी मात्र चार वर्षं मी ‘जरा बाहेर जाऊन येतो’ म्हणून सटकत राहिलो. लोकांना वाटे, हा कामचुकार. शेवटी कॅलेंडरवर सरळ लिहिलं: ‘जुम्म्याची नमाज, १ ते २’. सगळीकडे हे इतकं सोपं नसतं. काही ठिकाणी एवढ्यानेही मॅनेजरचा चेहरा बदलतो, मित्रांचे अनुभव ऐकले आहेत. माझ्या टीम लीडने दीडची मीटिंग अडीचला ढकलली आणि जरा रागानेच म्हणाला, ‘चार वर्षं बोलला का नाहीस?’