मजुरी खोट्या नाण्यात

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात, चॅपल हिलला, १९९३ ते २०११ अशी अठरा वर्षं कधीच न भरणारे वर्ग चालू होते. तास नाही, हजेरी नाही. सत्राअखेर एक निबंध टाकला की भरघोस गुण. वर्षानुवर्षं ते गुण देत होती कचेरीतली एक कर्मचारी. २०१४च्या वेनस्टीन चौकशी अहवालानुसार ३,१००हून अधिक विद्यार्थी या वर्गांतून गेले. जवळजवळ निम्म्या नोंदी खेळाडूंच्या. ती कर्मचारी २००९मध्ये निवृत्त झाली, तेव्हा खेळाडूंच्या शैक्षणिक सल्लागारांनी फुटबॉल प्रशिक्षकांपुढे चक्क स्लाइड लावली: जिथं जावं लागत नव्हतं, टिपणं काढावी लागत नव्हती, जागंही राहावं लागत नव्हतं, ते वर्ग आता संपले. प्रत्यक्षात ते २०११पर्यंत चाललेच.

याला कुणी ‘अनियमितता’ म्हणो, मी चोरी म्हणतो. तेव्हा या पोरांना खेळण्याचा पगार घ्यायला बंदी होती. मोबदला एकच, शिक्षण. त्यांच्या घामावर एनसीएए या क्रीडासंघटनेनं २०१०मध्ये बास्केटबॉल स्पर्धेचे प्रक्षेपणहक्क चौदा वर्षांसाठी १०.८ अब्ज डॉलरना विकले, आणि पोरांच्या हातावर पडलं खोटं नाणं.

जबाबदार कोण? वाचनात कच्च्या खेळाडूंना शिकवणाऱ्या मेरी विलिंगहॅम यांनी तोंड उघडलं, तर विद्यापीठ त्यांच्यावरच उलटलं. २०१५मध्ये एनसीएएनं कोर्टात हात झटकले: खेळाडूंच्या शिक्षणाचा दर्जा राखणं हे आमचं कायदेशीर कर्तव्य नाही. २०१७मध्ये एनसीएएनंच निकाल दिला: वर्ग सर्वांनाच खुले होते, सबब विद्यापीठाला शिक्षा नाही. सगळ्यांना सरसकट फसवलं म्हणून फसवणूक माफ होते, हा कुठला न्याय? विद्यापीठाची विजेतेपदं जागच्या जागी राहिली.

२०२५पासून विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देतात, मग पदवीचं एवढं काय, असं म्हणणाऱ्यांना माझा सवाल आहे: विसाव्या वर्षी गुडघा निकामी झालेल्या पोरानं पुढं काय करायचं? व्यावसायिक संघात बहुतेकांना कधीच जागा मिळत नाही. त्यांच्या हाती उरते ती पदवीच.

म्हणून खेळाडूंच्या उत्तरपत्रिका बाहेरच्या परीक्षकांनी तपासाव्यात. वर्ग बोगस निघाला, तर त्या हंगामाचं विजेतेपद काढून घ्यावं, प्रशिक्षकाचा बोनस आणि प्रक्षेपणाचा पैसा वसूल करावा, आणि त्यातून फसवल्या गेलेल्या खेळाडूला, तो पन्नाशीला पोचला असला तरी, शिकवावं. कारकुनावर खापर फोडून कुलगुरू आणि प्रशिक्षक मोकळे सुटत राहतील, तोवर हे वर्ग दुसऱ्या नावानं पुन्हा भरतील.