असीलची पारख: तुऱ्याबरोबर घराणेही पाहा

'असील' म्हणजे अस्सल, शुद्ध रक्ताचा. पण या नावाने बाजारात विकला जाणारा प्रत्येक कोंबडा असील नसतो, हे आमच्या कुक्कुटपालक बांधवांनी ध्यानात ठेवले पाहिजे.

प्रदर्शनात परीक्षक काय पाहतात? आखूड जाड चोच, डोक्याला चिकटलेला बुटका तुरा, लांब मान, रुंद छाती, ताठ ठेवण, अंगाला घट्ट बसलेली पिसे, खाली झुकलेली शेपटी आणि भक्कम पाय. ही परीक्षा योग्यच आहे. मात्र ती एका पक्ष्याची होते, त्याच्या घराण्याची नव्हे.

इंग्रज शास्त्रज्ञ बेटसन यांचे कोंबड्यांच्या तुऱ्यांवरील प्रयोग १९०२ साली प्रसिद्ध झाले. बुटका तुरा उभ्या करवती तुऱ्यावर मात करतो, हे त्यांतून दिसले. म्हणजे असील नर आणि उभ्या तुऱ्याची साधी कोंबडी यांचे पिलूही बुटका तुरा घेऊन येते आणि अस्सल म्हणून खपते. अशा दोन संकरितांची जोडी लावली, की सरासरी चारांतल्या एका पिलाच्या डोक्यावर उभा तुरा निघतो. तोवर खरेदीदाराचे पैसे गेलेले असतात आणि पैदाशीचे एक वर्षही.

म्हणून आमचे स्पष्ट मत आहे, की केवळ बक्षीस पाहून पैदाशीचा नर घेऊ नये. त्याचे आईबाप, भावंडे आणि पिले पाहावीत. मादीही तितक्याच काटेकोरपणे निवडावी. पिलाचे अर्धे रक्त तिचेच असते. विकणाऱ्यानेही पैदाशीची वही ठेवावी आणि संकर असेल तर तसे सांगूनच सौदा करावा. ऐब लपवून एकदा नफा होतो, गिऱ्हाईक मात्र कायमचे तुटते.