चिंतेलाही पत्ता असतो

'हसवणारी, मन हलकं करणारी कादंबरी' अशी स्वीडिश लेखक फ्रेडरिक बॅकमन यांच्या 'अँक्शस पीपल'ची ओळख करून दिली जाते. आम्हीही वाचताना खूप हसलो. पण हसून पुस्तक मिटवणाऱ्यांना आमचा एक प्रश्न आहे: यातली माणसं इतकी घाबरलेली का आहेत?

स्वीडनमधलं एक लहानसं शहर. घरभाड्याचे ६,५०० क्रोनर मिळवायला एक आई पिस्तूल घेऊन बँकेत शिरते. घर गेलं तर मुलीही हिरावल्या जातील, ही तिची धास्ती. आणि बँकेत रोकडच नसते! पोलिसांच्या भीतीने ती समोरच्या इमारतीत पळते. तिथे विक्रीचा फ्लॅट बघायला आलेली माणसं तिच्या नकळत ओलीस होऊन बसतात. दहा वर्षांपूर्वी याच शहरात बचत बुडालेल्या, बँकेने कर्ज नाकारलेल्या एका माणसाने पुलावरून उडी मारलेली असते.

म्हणजे या चिंतेला पत्ता आहे: भाडं, बँक, कर्ज. "सकारात्मक विचार करा" हा उपदेश इथे काय कामाचा?

शेवटी ओलीस राहिलेली माणसंच त्या आईला वाचवतात. ही मैत्री आम्हाला मनापासून भावली. तरीही आमचा आक्षेप आहे. एक आई अनोळखी माणसांच्या चांगुलपणामुळे सुटली. बँक आणि भाडं जागच्या जागीच राहिलं. अनोळखी माणसाला जपणं आपलं कर्तव्यच आहे. पण डोक्यावरचं छप्पर कुणाच्या दयेवर का अवलंबून असावं? ते हक्काने मिळालं पाहिजे.