निवृत्त झाले ते एकटेच

हिंगणीच्या आमच्या घरी गेल्या चार वर्षांत काय काय झालं, याची यादी बाबांना तोंडपाठ आहे. जुने कवेलू उतरवून स्लॅब टाकला. न्हाणी घरात घेतली. सांदवाडीत लिंबं, पपई आणि केळी लावली. गाव बोरच्या जंगलाला लागून, त्यामुळे रानडुकरं आत येऊ नयेत म्हणून तारेचं कुंपण केलं. दोन गाई घेतल्या, मग गोबरगॅस बसवला. आलेल्या पाहुण्याला बाबा हे सगळं फिरून दाखवतात आणि शेवटी म्हणतात, "रिटायर झाल्यावर माणसानं स्वस्थ बसू नये." आई त्या वेळी आत चहा टाकत असते.

बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. ५८ वर्षं पूर्ण झाली, शाल-श्रीफळ मिळालं, भाषणं झाली आणि ते आईला घेऊन गावी परतले. आता शांतपणे राहायचं, असं ठरलं होतं. पण कोणी ठरवलं, हा प्रश्न आमच्यापैकी कोणाच्याच मनात आला नाही. माझ्याही नाही. मी एम.एस.डब्ल्यू. केलेली, गावोगावच्या बचत गटांच्या बैठका घेणारी, 'अदृश्य श्रम' या विषयावर तास-तास बोलणारी.

मनुस्मृतीत वानप्रस्थाला निघणाऱ्या पुरुषाला दोन पर्याय दिले आहेत. बायकोला मुलांच्या हवाली करावं, नाहीतर सोबत न्यावं. तिला काय हवं, हा तिसरा प्रश्न तिथे नाही. आपल्याकडे पेन्शनर घरांत तो आजही फारसा विचारला जात नाही.

बैठकांमध्ये आम्ही एक खेळ घेतो. प्रत्येक बाईला ४८ चिंचोके द्यायचे. एक चिंचोका म्हणजे अर्धा तास. झोप, काम, स्वतःचं जेवण-आंघोळ आणि मोकळा वेळ अशा चार वाट्या ठेवायच्या आणि कालचा दिवस आठवून त्यात चिंचोके टाकायचे. हा खेळ मी अनेक गावांत घेतला, पण स्वतःच्या घरात घ्यायला मला इतकी वर्षं लागली. गेल्या दिवाळीत एका दुपारी आई-बाबांना समोरासमोर बसवलं.

बाबांचे १६ चिंचोके झोपेत गेले, १२ कामात, ६ जेवण-आंघोळीत आणि १४ मोकळ्या वेळात. पेपर, पारावरच्या गप्पा, टीव्ही. आईचे १३ झोपेत, ६ जेवण-आंघोळीत, २७ कामात. मोकळ्या वाटीत दोन टाकताना ती थांबली. "जपाचा येळ कायच्यात धरू वं?" जप ती भाजी निवडताना करते.

बाबा गणिताचे शिक्षक. त्यांनी दोघांच्या वाट्या पुन्हा मोजल्या. मग म्हणाले, "पण मीही दिवसभर काही ना काही करतच असतो." ते खोटं नाही. पहाटे पाचला उठून झाडांना पाणी देतात, कुंपणाची तार ओढतात, मिस्त्रीच्या मागे उभे राहतात. माझे बाबा आळशी नाहीत आणि दुष्ट तर नाहीतच. म्हणूनच ही गोष्ट लिहावीशी वाटते. दारू पिऊन मारणाऱ्या नवऱ्याबद्दल काय बोलायचं ते आपल्याला समजतं. चांगल्या नवऱ्याच्या घरात बाईचा दिवस कुठे जातो, ते चटकन दिसत नाही.

गोबरगॅसचंच पाहा. आमचा प्लांट लहान, एक घनमीटरचा. त्याला रोज साधारण २५ किलो शेण आणि तेवढंच पाणी लागतं. शेण गोळा करायचं, त्यातला काडीकचरा काढायचा, पाण्यात कालवायचं, टाकीत सोडायचं. योजना बाबांची, अनुदानाचा अर्ज त्यांचा, खड्डा खणताना देखरेख त्यांची. शेण कालवायचं काम मात्र कोणी न सांगता आईकडे आलं. बहिणीच्या बाळंतपणासाठी आई दीड महिना नागपूरला गेली, तेव्हा आठ-दहा दिवसांत शेगडीची ज्योत बारीक झाली आणि मग विझली. बाबांनी सिलिंडर आणलं. गाई तिथेच होत्या, शेणही होतं. प्लांट शेणावर नाही, आईवर चालत होता.

पुरुषाच्या कामाला सुरुवात आणि शेवट असतो. कुंपण झालं की झालं. त्या कामाचं जे शेपूट मागे उरतं, ते बाईच्या दिवसाला बांधलं जातं. लिंबं लागली की लोणचं आलं. गाई आल्या की दूध तापवणं, विरजण, ताक, तूप आलं. घर मोठं झालं की झाडायची जागा वाढली. बाबा याला छंद म्हणतात. आईच्या कामाला मात्र छंदही म्हणत नाहीत आणि कामही म्हणत नाहीत.

हे आमच्याच घरचं दुखणं नाही. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. शंभरातल्या ८१ बायका रोज बिनमोल घरकाम करत होत्या, पुरुष फक्त २६. त्यातही घरकाम करणाऱ्या बाईचा सरासरी वेळ होता २९९ मिनिटं आणि पुरुषाचा ९७. २०२४ मध्ये पुन्हा पाहणी झाली. बाईची मिनिटं २८९ झाली, पुरुषाची ८८. वजाबाकी करून पाहा. आधी फरक २०२ मिनिटांचा होता, आता २०१ चा. पाच वर्षांत एक मिनिट!

आपल्या वर्धा जिल्ह्यात साध्या राहणीचा मोठा वारसा आहे. सेवाग्रामला १९३६ मध्ये गांधीजी राहायला आले, तेव्हा आदी निवासात सगळी मंडळी एकत्र राहायची. त्या गर्दीत कस्तुरबांची कुचंबणा होऊ लागली, तेव्हा जमनालाल बजाजांनी त्यांच्यासाठी वेगळी कुटी बांधून घेतली. 'बा कुटी' आजही तिथे आहे. आश्रमात जाणाऱ्या मैत्रिणींनी बापू कुटी पाहून झाल्यावर तिच्यासमोरही थोडं थांबावं. सगळं आयुष्य सार्वजनिक केलेल्या घरातही बाईला स्वतःची जागा लागते, हे ती सांगते.

आमच्या नव्या घरात आईची जागा कोणती? स्वयंपाकघर, असं सगळे म्हणतील. तर त्या स्वयंपाकघरातल्या ओट्याची उंची मिस्त्रीने ठरवली. आई बुटकी आहे. पोळ्या लाटताना तिला टाचा उचलाव्या लागतात, म्हणून ती पायाखाली पाट घेते. चार वर्षं घेते आहे. "सांगितलं का नाहीस?" मी विचारलं. ती म्हणाली, "घर बांधत होते ते. मले कोणी विचारलं?"

त्या दिवशी मी घराचे कागद काढून पाहिले. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये एकट्या बाबांचं नाव. प्लॉटच्या खरेदीखतावर त्यांचंच. घरासाठी आईने मोडलेल्या पाटल्यांचा कुठेच उल्लेख नाही.

खरं तर या प्रश्नावर महाराष्ट्रात खूप आधी काम सुरू झालं. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने १९८६ मध्ये चांदवडला बायकांचं मोठं अधिवेशन घेतलं आणि पुढे 'लक्ष्मी मुक्ती'ची मोहीम काढली, शेताचा तुकडा बायकोच्या नावे करा म्हणून. शासनानेही १९९२ मध्ये सात-बारावर पत्नीचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावण्यासाठी परिपत्रक काढलं आणि २००३ मध्ये ग्रामपंचायतीच्या घरनोंदीत नवरा-बायको दोघांची नावं लावण्याविषयी. परिपत्रकं निघाली, पण ती आपोआप घरात शिरत नाहीत.

मैत्रिणींनो, इथे एक सावधगिरी हवी. नमुना ८ ही कर आकारणीची नोंद आहे, मालकीचा दस्त नव्हे. नाव लागणं चांगलंच, पण तेवढ्यावर थांबू नका. राहतं घर किंवा शेतजमीन बायकोला बक्षीसपत्राने द्यायची असेल, तर महाराष्ट्रात त्या दस्ताला मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे. इतर खर्च वेगळा. हे लोकांना माहीतच नसतं. आणि काहीच केलं नाही तर काय होतं? हिंदू वारसा कायद्याप्रमाणे मृत्युपत्र न करता नवरा गेला, तर त्याच्या मालमत्तेत विधवेला मुलांइतकाच एक वाटा मिळतो. आम्ही तीन भावंडं. म्हणजे आईने राबून उभं केलेलं घर चार वाट्यांत जाईल आणि तिला तिच्याच घरात चौथा हिस्सा मिळेल. पेन्शनचंही तसंच. आज ती बाबांच्या खात्यात येते. आईच्या नावाने कुटुंब निवृत्तिवेतन सुरू होईल ते ती विधवा झाल्यावर.

यावर मला ऐकून घ्यावं लागलं. भाऊ म्हणाला, "सुखात आहेत दोघं, कशाला भांडण लावतेस?" बाबा म्हणाले, "घर तिचंच तर आहे." मी काही बोलणार होते, पण त्याआधी आईच म्हणाली, "माहंच आहे, तर लिहाले काय जाते?"

बाबा गप्प बसले. आठ दिवसांनी त्यांनी नमुना ८ साठी अर्ज दिला. बक्षीसपत्राचं अजून ठरलेलं नाही. शेण ते आता सकाळी स्वतः कालवतात. "मदत करतो," म्हणतात. या शब्दाशी माझं भांडण अजून चालूच आहे, कारण प्लांट त्यांचा आहे. ओटा फोडून खाली घ्यायला मिस्त्री उन्हाळ्यात येणार आहे.

आपल्या गटांमध्ये आपण तरुण मुलींशी बोलतो, सुनांशी बोलतो. साठीच्या बाईला मात्र सासू म्हणून एका बाजूला बसवतो. तिचं सगळं झालं, असं धरून चालतो. पुढच्या बैठकीत तिच्यापुढे चिंचोके ठेवा. घर कोणाच्या नावावर आहे, ते तिला कागद आणून दाखवायला सांगा. आणि आपल्यापैकी जिची आई कुठल्या तरी गावी पेन्शनर नवऱ्याचं घर चालवते आहे, तिने येत्या सुट्टीत आधी आपल्या घरी जावं. मी उशिरा गेले. तुम्ही करू नका.