ड्रॉईंग छान आहे, पण बनणार कसं?

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला ही पहिली विनंती! पण हा विषय मला मराठीतच लिहायचा होता. कारण तो मला समजला मराठीतच, आणि तोसुद्धा वर्गात नाही, एमआयडीसीतल्या एका कारखान्यात.

झालं असं की, मिनी प्रोजेक्टला आमच्या ग्रुपने सोलर ड्रायर घेतला होता. त्याच्या फ्रेमसाठी मी अ‍ॅल्युमिनियमचं एक खास सेक्शन डिझाईन केलं. एकातच सगळं! पॉलीकार्बोनेटची शीट बसवायला ३ मिमी रुंद आणि १५ मिमी खोल खाच, कोपऱ्यात स्क्रूसाठी गोल बंद भोक, खाली ६ मिमी जाड बूड आणि वर १ मिमीची नाजूक पट्टी. स्क्रीनवर ते इतकं देखणं दिसायचं की मीच त्याच्या प्रेमात पडले. टर्मवर्कला २५ पैकी २३ मिळाले. मग मैत्रिणीच्या मामांच्या ओळखीने आम्ही ते घेऊन एक्स्ट्रूजनच्या कारखान्यात गेलो. डायशॉपमधल्या काकांनी चष्मा वर सरकवला, मिनिटभर पाहिलं आणि म्हणाले, "मॅडम, ड्रॉईंग छान आहे. पण बनणार कसं?"

२३ मार्कांची हवा तिथेच गेली.

कॉम्प्युटरवाल्या मित्रांसाठी थोडक्यात सांगते. दिवाळीतला आईचा सोऱ्या डोळ्यांपुढे आणा. पिठाच्या जागी साधारण ४५० ते ५०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवलेला अ‍ॅल्युमिनियमचा ठोकळा, म्हणजे बिलेट. तो वितळलेला नसतो, घनच असतो, पण मऊ पडलेला. हायड्रॉलिक प्रेस शेकडो टनांचा जोर लावून त्याला पोलादी डायमधून ढकलते आणि चकतीतून शेव पडावी तसं लांबच लांब सेक्शन बाहेर येतं.

आता काकांचे तीन आक्षेप ऐका.

पहिला, खाच. सेक्शनमध्ये जिथे खाच असते तिथे डायमध्ये पोलाद असतं. म्हणजे माझ्या डायमध्ये ३ मिमी रुंद आणि १५ मिमी लांब अशी पोलादाची जीभ, फक्त एका टोकाला धरलेली! समोरून गरम धातूचा एवढा दाब आला की ती वाकणार, नाहीतर मोडणारच. खोली रुंदीच्या तिपटीच्या आत ठेवा, हा ढोबळ नियम. माझी होती पाचपट.

दुसरा, बंद भोक. सोऱ्यातून पोकळ नळी पाडून बघा बरं! मधली पिन धरणार कोण? त्यासाठी पिनेला पाय असलेली वेगळी डाय लागते. धातू पायांभोवती फाटतो आणि पुढे दाबाखाली पुन्हा एकजीव होतो. होतं सगळं, पण डाय महाग. काकांनी पेन्सिलने माझ्या गोलाला एका बाजूने फट दिली. गोलाचा इंग्रजी 'सी' झाला आणि काम साध्या डायवर आलं. स्क्रूला पूर्ण गोल लागतच नाही, अर्ध्याहून जास्त मिठी मिळाली तरी तो घट्ट बसतो.

तिसरा, जाडी. जाड भागातून धातू पटकन निघतो, पातळ भागात अडखळतो. मग सेक्शन पिळवटून बाहेर येतं. जाड जागी डायची घासणारी पट्टी, म्हणजे बेअरिंग, लांब ठेवून धातूला थोडं रोखता येतं. पण ६ ला १ हा फरक फारच झाला. "सगळीकडे दोन-अडीच ठेवा, कोपरे जरा गोल करा," काका म्हणाले.

आणि शेवटी हिशोब! माझ्या सेक्शनचं क्षेत्रफळ ५ चौ. सेंमी., म्हणजे मीटरला १.३५ किलो. आम्हाला हवं होतं २४ मीटर, जेमतेम ३२ किलो. कारखान्याची कमीत कमी ऑर्डर ३०० किलो, म्हणजे २२० मीटरच्या वर! शिवाय डायचे पैसे वेगळे. चार जणांच्या पॉकेटमनीत हे बसणार होतं का?

माझं म्हणणं एवढंच आहे. यातलं काहीही अवघड नव्हतं. सेकंड इयरच्या मुलाला अर्ध्या तासात समजेल. मग माझ्या ड्रॉईंगवर २३ मार्क देताना हा प्रश्न कुणालाच का पडला नाही? आणि खरं सांगायचं तर मला स्वतःला का पडला नाही? आपण स्ट्रेस काढतो, फॅक्टर ऑफ सेफ्टी काढतो, डायमेन्शन्स सुबक टाकतो. पण न बनणाऱ्या वस्तूचा फॅक्टर ऑफ सेफ्टी काढून उपयोग काय?

काही मित्र म्हणतात, "आधीच मर्यादा शिकवल्या तर क्रिएटिव्हिटी मरेल." मला हे पटत नाही. त्या 'सी'मध्ये माझ्या गोलापेक्षा जास्त डोकं होतं! मर्यादा नुसती पाठ केली तर ती बेडी होते, हे मान्य. पण ती का आहे हे कळलं की त्यातूनच वाट सुचते. म्हणून 'कारखानेवाले सांगतील तसं करू' हेही मला नको आहे. त्यांना 'का?' विचारता आलं पाहिजे. काकांना मी प्रत्येक वेळी विचारलं, आणि त्यांनी न कंटाळता सांगितलं.

यावर माझी छोटीशी सूचना आहे. टर्मवर्कच्या प्रत्येक डिझाईनसोबत एक पान सक्तीचं करावं: ही वस्तू कशाने बनणार, त्या प्रोसेसच्या मर्यादा काय, किती नग लागतील आणि बाजारात तयार मिळते का? आणि २५ पैकी ५ मार्क या पानाला. कारखान्याची ट्रिपसुद्धा डिझाईन जमा करण्याआधी न्यावी, परीक्षा संपल्यावर फोटो काढायला नको.

असो. आमच्या ड्रायरचं काय झालं? शेवटी बाजारात मिळणारी तयार चॅनल आणि अँगल घेतली, रिव्हेट मारले, शीट रबर लावून बसवली. दिसायला माझ्या सेक्शनची सर नाही. पण ड्रायर उभा आहे, आणि परवाच त्यात टोमॅटो वाळवले! ज्युनिअर्सनो, काकांच्या पेन्सिलच्या खुणा असलेलं ते ड्रॉईंग मी जपून ठेवलंय. तुमचं डिझाईन जमा करण्याआधी एकदा येऊन बघून जा.