आधी जमीन, मग आराखडा

मुंबईत अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी घरे बांधावीत या सद्हेतूने एखादी लोकसंस्था पुढे आली, की पहिल्याच सभेत वास्तुशिल्पज्ञाचा रंगीत नकाशा भिंतीवर टांगला जातो. खोल्या किती, गॅलरी कोणत्या दिशेस, यावर चर्चा रंगते. जागा कोणती व ती कोणत्या भावाने मिळणार, हा प्रश्न मात्र सभा संपताना कोणी तरी भीत भीत विचारतो. हा क्रम उलटा आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. नफा न घेणारी संस्था बिल्डरचा नफा वाचवू शकते, बांधकामात काटकसर करू शकते. परंतु जमिनीची किंमत कमी करणे तिच्या हाती नसते, आणि या शहरात घराच्या किमतीचा मोठा वाटा जमिनीचाच असतो. शाळेतल्या त्रैराशिकाइतका हा साधा हिशेब आहे.

गोरेगावला दिंडोशीत नागरी निवारा परिषदेने सुमारे ६ हजार कुटुंबांना घरे मिळवून दिली, ती कशाच्या बळावर? मृणाल गोरे आणि बाबूराव सामंत यांच्या चिकाटीच्या बळावर, हे खरेच. परंतु ती चिकाटी प्रथम खर्ची पडली ती जमिनीसाठी. नागरी कमाल जमीनधारणेचा कायदा १९७६ साली झाला होता. त्याच्या हेतूप्रमाणे सरकारने वागावे, एवढाच परिषदेचा आग्रह होता. पुढे सवलतींच्या वाटांनी तो कायदा पोखरला गेला आणि २००७ साली महाराष्ट्राने तो रद्दच केला. कायदा सदोष होता. तो गेला याचे आम्हांस फारसे दुःख नाही. त्याच्या जागी त्या तोडीचे दुसरे काही आले नाही, याचे आहे.

सोलापूरचे उदाहरण कोणी पुढे करील, आणि ते करण्याजोगेच आहे. नरसय्या आडम यांच्या पुढाकाराने कुंभारी येथे विडी कामगार महिलांची १० हजार घरे २००६ साली पुरी झाली. केंद्र, राज्य व स्वतः कामगार अशा तिघांनी खर्चाचा भार उचलला. त्यानंतर रे नगरातील नियोजित ३० हजारांपैकी पहिली १५ हजार घरे जानेवारी २०२४ मध्ये श्रमिकांच्या हाती पडली. परंतु ही वसाहत शहराबाहेर उभी राहू शकली, कारण तेथे जमीन परवडली. मुंबईत सकाळी चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईस शहराबाहेर स्वस्त घर दिले, तर तिचे काम सुटेल किंवा घर तरी रिकामे राहील.

म्हणून सरकारी व निमसरकारी जमिनी लिलावात काढण्यापूर्वी त्यांतील काही भाग दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने अशा संस्थांस द्यावा. संस्थांच्या नावाखाली पुढाऱ्यांचे आप्तच सभासद होतील, ही भीती निराधार नाही. २०१० साली गाजलेले ‘आदर्श’ प्रकरण वाचकांच्या स्मरणात असेलच. त्यावर उपाय जमीन नाकारणे हा नव्हे. सभासदांची यादी उघड असावी, हिशेब दरवर्षी तपासले जावेत, आणि घर सोडणाऱ्याने ते ठरलेल्या किमतीस संस्थेसच परत करावे, ही अट पट्ट्यातच असावी.

संस्थांनीही एक गोष्ट ध्यानी घ्यावी. चाव्या वाटून झाल्यावर पंप बिघडतो, लिफ्ट बंद पडते आणि सातव्या मजल्यावरील वृद्धा घरात अडकून राहते. देखभालीचा निधी पहिल्या हप्त्यापासूनच वेगळा काढावा. तो जमेस धरून महिन्याचा बोजा किती होतो, ते सभासदांस नकाशा दाखविण्यापूर्वी सांगावे.