परवान्यासाठी निवृत्ती?

परदेशातील लीगमध्ये खेळू इच्छिणाऱ्या पुरुष क्रिकेटपटूने आधी भारतातील क्रिकेटमधून निवृत्त व्हावे, असा क्रिकेट नियामक मंडळाचा दंडक आहे. मुंबईच्या प्रवीण तांबे यांना त्याची झळ बसली. 2018 साली ते शारजातील टी-टेन स्पर्धेत खेळले. पुढे 2019 च्या लिलावात कोलकाता संघाने त्यांना घेऊनही 2020 च्या आयपीएलसाठी ते अपात्र ठरले.

1952 साली चित्र उलटे होते. दौऱ्यातील निवडीची हमी मंडळाने नाकारल्यावर विनू मंकड लँकेशायरच्या हॅसलिंग्डन क्लबशी करारबद्ध झाले. लीड्सची कसोटी गमावताच मंडळालाच क्लबकडे त्यांची मोकळीक मागावी लागली. क्लबने ती दिली आणि लॉर्ड्सवर मंकडांनी 72 व 184 धावा काढल्या. त्या संघाचे कर्णधार होते सांगलीत जन्मलेले विजय हजारे.

परक्या क्लबला जो समजूतदारपणा साधला, तो आपल्या मंडळास का साधू नये? लीगच्या पैशापायी वेस्ट इंडीजच्या कसोटी संघाची झालेली हानी आम्ही विसरलेलो नाही. मंडळाची भीती अगदीच निराधार नव्हे. परंतु महिला खेळाडूंना हीच मुभा आहे. सांगलीच्या स्मृती मानधना ऑस्ट्रेलियात व इंग्लंडात लीग खेळल्या, आणि 2025 च्या विश्वविजयात त्याच उपकर्णधार होत्या.

मंडळाच्या वार्षिक करारात मोजक्यांनाच स्थान मिळते. कडेगावच्या मैदानावर घाम गाळणाऱ्या मुलाच्या वाट्यास खेळण्याची वर्षेही मोजकीच येतात. देशातील हंगाम सांभाळून उरलेल्या महिन्यांत अशा खेळाडूंना परवाना द्यावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. ज्याच्याशी करार नाही, त्याच्यावर मालकी सांगणे मंडळास शोभत नाही.